वॉर्डातला सण कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते बालरोगतज्ज्ञ होते. तपासायच्या आधी ते स्टेथोस्कोप मुलाच्याच हातात देत आणि आधी स्वतःची छाती तपासून घेत, असं त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मला आज दुपारी सांगितलं. माझं आजचं सगळं बोलणं या एका सवयीभोवती फिरणार आहे.

मी अमेरिकेतल्या एका मुलांच्या रुग्णालयात काम करते. माझ्या पदाला तिकडे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. औषध, सुई, सलाईन यांतलं काहीही माझ्या हातून दिलं जात नाही. रुग्णालयात मुलाचं मूलपण शाबूत राहावं, त्याच्यावर काय होणार आहे ते त्याला आधी कळावं आणि ते सोसताना त्याला कुणाचा तरी हात धरता यावा, यासाठी मला पगार मिळतो. या कामाच्या एकाच हंगामाविषयी आज बोलायचं ठरवलं आहे. तो हंगाम म्हणजे सणासुदीचे दिवस.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा, जवळ आला की आमच्या खात्यातला फोन खणखणायला लागतो. शाळा, चर्च, बँका, फुटबॉलचे संघ, मोटरसायकलवाल्यांचे क्लब, सगळ्यांना मुलांसाठी भेटी आणायच्या असतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: किती मुलं आहेत? या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. थंडीत, बर्फात, आपल्या पैशाने खेळणी घेऊन ती येतात. तरीही त्या महिन्यातलं माझं बरंचसं काम म्हणजे हा सद्भावाचा लोंढा दारात थोपवून धरणं आणि त्यातलं मुलाला सोसेल तेवढंच आत जाऊ देणं. हे ऐकायला कठोर वाटेल. त्यामागचं कारण समजायला आधी आम्ही एरवी काय करतो ते पाहावं लागेल.

पाच वर्षांच्या मुलीचं उद्या ऑपरेशन आहे असं धरा. आदल्या दिवशी मी तिच्याकडे एक कोरी कापडी बाहुली घेऊन जाते. बाहुलीला डोळे, नाक, काहीच नसतं. ते सगळं तिनेच रंगवायचं. मग भूल देण्याचा खराखुरा मास्क तिच्या हातात देते. त्याच्या आतल्या बाजूला लावायला सुगंधी लिपबाम असतात: स्ट्रॉबेरी, संत्रं, बबलगम. वास तिने निवडायचा आणि आपल्या बोटाने लावायचा. ती मास्क आधी बाहुलीला लावते, मग मला, मग आईला आणि अगदी शेवटी, जमलं तर, स्वतःला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत सगळं अनोळखी असतं, फक्त तो वास तिच्या ओळखीचा असतो, कारण तो तिनेच निवडलेला असतो.

ऑपरेशन करायचं की नाही, हे त्या मुलीला कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. ‘सुई टोचू का गं?’ असा प्रश्न आम्ही कधीच विचारत नाही, कारण ती नाही म्हणाली तर आपण ते ऐकणार नसतो. उजव्या हाताला टोचायची की डाव्या? बघायचं आहे की तोंड फिरवायचं आहे? एक-दोन-तीन कोण म्हणणार? हे मात्र विचारतो, आणि तिने दिलेलं उत्तर पाळतो. मुलाला टेबलावर आडवं पाडून चौघांनी दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी छाती लावून बसवता येतं. तशा स्थितीतही सुई टोचता येते, मूल कमी झटापट करतं आणि सिस्टरचंही काम सोपं होतं. हे सगळं शिकावं लागतं. अमेरिकेत यासाठी पदवी लागते, 600 तासांची उमेदवारी लागते आणि शेवटी परीक्षा द्यावी लागते.

हे काम आभाळातून पडलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या कित्येक रुग्णालयांत आईबापांना मुलाला भेटायची वेळ ठरवून दिलेली असे, काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदाच. आई येऊन गेली की मुलं रडतात, त्यापेक्षा ती न आलेलीच बरी, असा हिशेब होता. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी अडीच वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाची फिल्म घेतली आणि 1952 साली ती डॉक्टरांपुढे दाखवली. ऑपरेशन किरकोळ, हर्नियाचं. मुलगी फारशी रडतही नाही. फक्त दिवसागणिक ती आतल्या आत मिटत जाते, आणि ते पडद्यावर दिसतं. डॉक्टरमंडळी खवळली. पण 1959 साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्यावं अशी शिफारस केली.

त्याच दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक रॉबिन्स बालरोग विभागाचे प्रमुख होते. पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी 1954 चं नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे एक. महिनोन्महिने वॉर्डात पडून असलेल्या मुलांसाठी काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि 1955 मध्ये त्यांनी एम्मा प्लँक यांना बोलावून घेतलं. प्लँकबाई मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका. ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर 1938 साली त्या अमेरिकेत आल्या होत्या. 1962 साली त्यांनी रुग्णालयातल्या मुलांबरोबर काम कसं करावं यावर पुस्तक लिहिलं, आणि आज आमच्या व्यवसायाची सुरुवात त्यांच्यापासून मानली जाते. नोबेल मिळवलेल्या डॉक्टरने मदतीला बोलावलं ते एका बालशिक्षिकेला, हे लक्षात ठेवा. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

आता डिसेंबर. ज्यांना घरी सोडता येईल त्यांना डॉक्टर नाताळाच्या आधी घरी सोडतात. पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं जानेवारीत जातात. म्हणजे नाताळाच्या आठवड्यात वॉर्डात उरतात ती ज्यांना हलवणं शक्य नाही अशी मुलं. बोन मॅरो बदललेली, व्हेंटिलेटरवरची, हृदयाची वाट पाहणारी, अडीच-तीन महिने आधी जन्मलेली बाळं. आणि नेमका हाच काळ थंडीतल्या श्वसनविकारांचा, फ्लूचा. त्यामुळे अनेक रुग्णालयांत या महिन्यांत लहान भावंडांना वर येऊ देत नाहीत. वर्षातली सगळ्यात आजारी मुलं, सगळ्यात कमी आप्त आणि सगळ्यात जास्त अनोळखी पाहुणे, असा हा महिना असतो.

चार ते सात वर्षांच्या मुलांना पुष्कळदा आजार ही शिक्षा वाटते. मी आईचं ऐकलं नाही म्हणून मला हे झालं, अशी त्यांची पक्की समजूत असते. त्यात सांताक्लॉज शहाण्या मुलांनाच भेटी देतो हे त्यांनी ऐकलेलं असतं. एका मुलाने माझ्याशी बोलताना या दोन गोष्टींची सांगड घातली होती: मी वाईट वागलो, म्हणून आजारी पडलो, म्हणजे सांता येणार नाही. तो कुजबुजत हे बोलला, आणि त्याआधी तीन दिवस तो गप्प होता. दुसरी एक मुलगी वेगळ्याच काळजीत होती. सांताला घरचा पत्ता माहीत आहे, इथला कोण सांगणार? तिच्या खाटेपाशी बसून आम्ही पत्र लिहिलं. इमारत, मजला, खोली नंबर, आणि ‘खिडकी उघडत नाही, दाराने ये’ अशी सूचना. ती सूचना तिची होती. अशा मुलापुढे कुणी पंधरा मिनिटांसाठी येऊन खेळणं ठेवून, फोटो काढून गेलं, तर त्याच्या मनातला प्रश्न होता तिथेच राहतो.

भेटींचे आमचे नियम लोकांना जाचक वाटतात. खेळणं नवंच हवं, दुकानातल्या वेष्टनात हवं, पण चकचकीत कागदात गुंडाळलेलं नको. कारण आत काय आहे ते आम्हाला पाहावं लागतं, पुसावं लागतं, कोणत्या मुलाला चालेल ते ठरवावं लागतं. रबरी फुगे आत येत नाहीत. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या मुलाला तो फुगा जिवावर बेतू शकतो. आणि दरवर्षी एकच होतं: टेडी बेअरचे डोंगर उभे राहतात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र कपाटात काही नसतं. रुग्णालयातलं मूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाच वर्षांचं मूल येतं. पंधरा वर्षांचा, केस गेलेला, मित्रांच्या फोटोंत आपण नाही हे रोज मोबाइलवर पाहणारा मुलगा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याला हेडफोन हवे असतात, आणि दुपारी बारापर्यंत कुणी उठवायला यायला नको असतं.

आलेल्या वस्तूंचं आम्ही काय करतो? पूर्वी त्या थेट मुलांना वाटत. आता अनेक रुग्णालयांत एक मोठी खोली दुकानासारखी मांडतात. फळ्यांवर वयाप्रमाणे खेळणी, पुस्तकं, रंग, उबदार पांघरुणं. पैसे लागत नाहीत. आईबाप येतात, आपल्या मुलासाठी निवडतात, आणि तिथेच शेजारच्या टेबलावर कागद, कात्री, रिबिनी घेऊन स्वतः गुंडाळतात. मुलाला ती भेट आईबापांकडून मिळते. कंपनीचं नाव त्यावर नसतं.

त्या खोलीत उभं राहून मी जे पाहिलं आहे त्याविषयी थोडं सविस्तर बोलते. कित्येक आठवडे या आईबापांना कुणी काही ठरवू दिलेलं नसतं. मुलाने काय खायचं, किती वाजता झोपायचं, त्याला उचलायचं की नाही, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत असतं. नोकरी गेलेली असते किंवा जाण्याच्या बेतात असते. अशी आई फळीपुढे उभी राहते. एक ट्रक उचलते. खाली ठेवते. ‘त्याला पिवळा आवडत नाही,’ म्हणते. कुणाला म्हणते? कुणालाच नाही. पण त्या वाक्यात तिला तिचा मुलगा माहीत असतो, डॉक्टरांना माहीत आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त. एक बाप बराच वेळ कागद गुंडाळत बसला होता. कडा जुळेनात म्हणून त्याने तीनदा उलगडून पुन्हा गुंडाळलं. मदत करू का, असं विचारायला स्वयंसेविका निघाली होती, तिला मी खुणेने थांबवलं.

तीच गोष्ट पाहुण्यांची. खेळाडू येतात, सांता येतो, गायक येतात. दारावर ठोठावल्याशिवाय कुणी आत जायचं नाही आणि ‘नको’ हे उत्तर मिळालं तर हसून पुढे जायचं, हे त्यांना आधी समजावून सांगावं लागतं. दोन वर्षांच्या मुलाला लाल झग्यातला दाढीवाला अनोळखी माणूस भीतिदायकच वाटतो. दिवसभरात दहाजणांनी त्याच्या अंगाला हात लावलेला असतो, आणि त्यांतल्या एकालाही त्याला नाही म्हणता आलेलं नसतं. पाहुण्याला दिलेला नकार हा त्याचा त्या दिवसातला एकमेव चालणारा नकार असू शकतो. त्याला तो देऊ द्यावा. कॅमेऱ्याचंही तसंच. आईने सही केली तरी मुलाचं तोंड फिरलं तर कॅमेरा खाली जातो.

एका मराठी कुटुंबाची गोष्ट सांगते. ती माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मुलगा सात-आठ वर्षांचा, बोन मॅरो बदललेला, एकट्याच्या खोलीत. दिवाळी आली. त्याची आई सिस्टरना म्हणाली, पहाटे त्याला तेल लावून आंघोळ घालायची आहे. सिस्टरनी नाही सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. छातीतल्या सेंट्रल लाइनला पाणी लागता कामा नये, केमोने कातडी नाजूक झालेली, उटणं तर दूरच. आईने पुन्हा विचारलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

मी तिला मराठीत विचारलं, घरी त्या पहाटे काय काय होतं? मग ती सांगत सुटली. पाट, पाटाभोवती रांगोळी, गरम तेल, उटण्याचा वास, बाहेर काळोख, आणि आंघोळ झाली की तुळशीपाशी पायाने चिरांटं फोडायचं, नरकासुर म्हणून. मुलगा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. चिरांटं म्हटल्यावर वळला. ‘मला फोडायचंय,’ म्हणाला. आता त्या खोलीत ताजं फळ, माती, झाडपाला यांतलं काहीच आणता येत नाही. बुरशीची भीती असते. मी त्याला विचारलं, मग नरकासुर कोण? त्याने फार विचार केला नाही. त्याच्या टेबलावर औषधाची प्लॅस्टिकची छोटी पेली होती. रोज सकाळ-संध्याकाळ त्यातून जे औषध त्याला घ्यावं लागे त्याने त्याला ओकारी येई. ‘हा,’ म्हणाला.

आदल्या संध्याकाळी त्याने तसल्या तीन पेल्या हिरव्या रंगवल्या. एकावर मिशा काढल्या. रांगोळी काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने काढली. पणत्या बॅटरीच्या, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही. पहाटे चार वाजता नाडी-ताप बघायला सिस्टर येतातच, म्हणजे लवकर उठणं आयतंच झालं. राहता राहिलं तेल. संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टरना विचारून सीलबंद बाटली आणली. त्याला तेल लावता येणार नव्हतं, पण बापाला लावायला काय हरकत होती? बाप खुर्चीत बसला आणि मुलाने हातमोजे घालून त्याच्या डोक्याला तेल चोळलं, चांगलं थापट्या मारून, घरी आजी मारते तसं. गेले कित्येक दिवस त्या मुलाच्या शरीराला सगळे काहीतरी करत होते. त्या पहाटे त्याने दुसऱ्यासाठी काहीतरी केलं. मग बूट घालून, सलाईनचा स्टँड एका हाताने धरून, त्याने एकामागून एक तिन्ही पेल्या टाचेखाली चिरडल्या. आवाज बराच झाला. सिस्टर पळत आल्या, आणि चौथी पेली त्यांनीच आणून दिली.

भाऊबीजेला धाकटी बहीण वर येऊ शकत नव्हती. ती बापाबरोबर खाली हिरवळीवर, जाड कोटात, हातात ताट घेऊन उभी. वर काचेमागे भाऊ. तिने खालूनच ओवाळलं. बापाचा फोन स्पीकरवर होता. पण भाऊबीज म्हटल्यावर ओवाळणी आली, आणि ओवाळणी भावाने घालायची असते. त्या मुलाच्या उशापायथ्याशी लोकांनी दिलेली खेळणी पडली होती, तरी त्याला त्यांतलं काही चालेना. ‘ते मला दिलंय,’ असं त्याचं म्हणणं. आमच्या खोलीतल्या वस्तूंचे फोटो काढून मी त्याला टॅबलेटवर दाखवले. त्याने अर्धा तास लावला. शेवटी जांभळी पर्स निवडली आणि आत दहा सेंटचं नाणं टाकायला लावलं, कारण रिकामी पर्स द्यायची नसते. ती पर्स घेऊन मी जिने उतरले.

या मुलाच्या वाट्याला त्या वर्षी भरपूर भेटी आल्या होत्या, आणि त्या त्याला नकोशा झाल्या होत्या असं नाही. पण घेणारा म्हणून तो पुरता दमला होता. सणात मूल एरवी कितीतरी गोष्टी करतं. दार उघडतं, ताट नेऊन देतं, लहान भावंडाचा हात धरून नमस्कार करायला लावतं, आजोबांसाठी पाट मांडतं. रुग्णालय त्याचं हे सगळं काम काढून घेतं आणि बदल्यात खेळणं देतं. आमचं काम त्याला ते काम परत मिळवून देण्याचं आहे. त्यासाठी आधी विचारावं लागतं की तुमच्याकडे काय करतात. ज्यू कुटुंबाला विचारावं लागतं, मुसलमान कुटुंबाला, आमच्यासारख्यांना, आणि ज्यांचा नाताळ आहे त्यांनाही. प्रत्येक घरचा नाताळ निराळा असतो.

काही मुलांना तो दिवस गाठता येणार नसतो. ते समजलं की घरचे कधी कधी ऑक्टोबरातच नाताळ करतात. झाड येतं, दिवे लागतात, आजी-आजोबा विमानाने येतात. अशा वेळी आम्ही मुलाच्या तळहाताचे ठसे घेतो, भावंडांचे ठसे त्याच्या शेजारी घेतो, कधी हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करतो. धाकट्या भावाला ‘तो झोपला’ असं सांगू नका, ही आमची आईबापांना विनंती असते. तसं सांगितलं तर पुढे कित्येक रात्री तो स्वतः झोपायला घाबरतो. याविषयी मी इथे अधिक बोलणार नाही.

सद्भाव कसा असावा याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं आहे. तिथल्या हॅस्ब्रो मुलांच्या रुग्णालयात मुलांना चित्रं काढून देणारा एक व्यंगचित्रकार संध्याकाळी सायकलचा दिवा लावून-विझवून वर खिडकीतल्या मुलाला निरोप देत असे. 2010 च्या सुमारास सुरू झालेली ही गोष्ट पुढे शहराने उचलली. रात्री साडेआठ वाजता आसपासच्या इमारती, हॉटेलं, बोटी, पोलिसांच्या गाड्या दिवे उघडझाप करतात, आणि वरून मुलं टॉर्चने उत्तर देतात. इथे कुणी खोलीत शिरत नाही. मुलाला वाटलं तर ते उत्तर देतं, नाही वाटलं तर टॉर्च उचलत नाही. आणि उत्तर दिलं की खालच्या माणसांना ते मिळतं. देणं दोन्हीकडून होतं. शिवाय हे रोज होतं, फक्त डिसेंबरात नाही.

आता आपल्याकडे येते. परळला 1929 सालापासून बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आहे. त्याच परळमध्ये 1941 साली टाटा मेमोरियल उभं राहिलं, आणि आज बिहार, उत्तर प्रदेश, बंगालपासून आईबाप मुलांना घेऊन तिथे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी किती कुटुंबं उतरली असतील! मुलाच्या उपचारासाठी परगावी आलेल्या कुटुंबाला राहायला जागा हवी, ही गोष्ट अमेरिकेत 1974 साली फिलाडेल्फियात पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं तेव्हा नवी मानली गेली. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या त्या त्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे न लढता मिळालेली आहे. आपल्या सरकारी वॉर्डात मुलाच्या खाटेवर आई असते. खाटेखाली तिची पिशवी असते, बाहेर पायरीवर आजी असते. ज्यासाठी रॉबर्टसन यांना फिल्म काढावी लागली, ते इथे आहेच. एवढ्या मोठ्या गोष्टीची आपल्याला किंमत नाही. उलट ‘गर्दी करू नका, बाहेर व्हा’ म्हणून आपण आयांनाच ड्रेसिंगच्या वेळी बाहेर काढतो.

जे नाही, ते म्हणजे मुलाला खरं सांगणं. ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल.’ ‘रडलास तर डॉक्टरकाका मोठी सुई देतील.’ आणि सणाच्या तोंडावर सगळ्यात हमखास दिलं जाणारं वचन: ‘दिवाळीला आपण घरी असणार.’ ते आई देते, वॉर्डातल्या मावशी देतात, राउंडला आलेला थकलेला रेसिडेंटही देऊन टाकतो. मग धनत्रयोदशीला ताप चढतो, रक्तपेशींचे काउंट खाली जातात आणि डिस्चार्ज रद्द होतो. त्या मुलाची दिवाळी तर जातेच, पुढच्या सुईच्या वेळी आपल्यावर ठेवायचा विश्वासही जातो. त्याऐवजी असं म्हणता येतं: दिवाळीला घरी जायला मिळेल की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण इथे राहिलो तर इथे काय करायचं ते आपण आज ठरवू. कंदील कोणत्या रंगाचा? त्या वाक्याला पैसे लागत नाहीत.

14 नोव्हेंबरला, बालदिनाला, आणि दिवाळीच्या आठवड्यात आपल्या मुलांच्या वॉर्डांत रांग लागते. मंडळं येतात, बॅनर येतो, फराळाची पाकिटं येतात. काउंट कमी असलेल्या मुलाला बाहेरचा चिवडा खायची मनाई असते. पाकीट त्याच्या मांडीवर ठेवून फोटो निघतो आणि मग सिस्टर ते पाकीट उचलून नेतात. मी हे आपल्याकडच्या एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. ज्यांनी फराळ आणला त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच. सिस्टरना तेवढा वेळ नसतो, डॉक्टरांना तर नसतोच. ते सांगणं हे कुणाचं तरी काम असायला हवं, आणि त्या कामाचं पद असायला हवं.

आमच्याकडे सलाईन लावायला माणसं पुरत नाहीत, तिथे हे लाड कुठून, असं एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला थेट विचारलं. त्यांचा राग मला समजतो. माझं उत्तर असं की सलाईन लावायला एका मुलापाठी चार माणसं अडकतात ती त्याला दाबून धरायला. तयारी झालेलं मूल आईच्या मांडीवर बसून हात पुढे करतं, निदान अनेकदा करतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने चाइल्ड लाइफ सेवा हा मुलांच्या चांगल्या उपचाराचा आवश्यक भाग आहे असं आपल्या धोरणपत्रात म्हटलं आहे. 1989 च्या बालहक्क संहितेच्या 31व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क आहे, आणि भारताने ती संहिता 1992 साली स्वीकारली. आजारी मूल त्यातून वगळलेलं नाही.

पैशाचंही सांगते. अमेरिकेत आमच्या कामाचं बिल सहसा विमा कंपनीला लावता येत नाही. रुग्णालय आपल्या खर्चातून किंवा देणग्यांतून आमचे पगार भागवतं. तेव्हा तिकडे श्रीमंती आहे म्हणून हे जमतं, असं म्हणून सुटता येणार नाही. तिकडेही कुणीतरी ठरवून पैसे बाजूला काढावे लागले आहेत.

आणि माणसं? इथे मी प्लँकबाईंकडे परत येते. त्या बालशिक्षिका होत्या. ज्या माँटेसरी विचारातून त्या घडल्या, त्याच विचाराचा हात धरून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पोचल्या, आणि महाराष्ट्रात बालवाडीताईंची एक परंपरा उभी राहिली. नारळाच्या करवंट्या, बिया, शंख-शिंपले यांतून शिकवण्याची साधनं तयार करणाऱ्या या बायका. वॉर्डात नेमकी हीच नजर लागते. सिरिंज सुईविना हातात आली की तिची पिचकारी करायची, खोक्याचं सीटी स्कॅन मशीन करायचं, आणि ते करताना मुलाच्या तोंडून त्याची भीती काढून घ्यायची. अशा ताईला रक्त, संसर्ग, भूल, मृत्यू यांविषयीचं शिक्षण द्यावं लागेल. ते देता येतं.

या शहरातल्या ज्या संस्था आणि मंडळं दरवर्षी दिवाळीत मुलांच्या वॉर्डासाठी खर्च करतात, त्यांनी यंदा एकत्र बसावं आणि एका ताईचा वर्षाचा पगार जमवावा, असं माझं मागणं आहे. एकाच वॉर्डासाठी, एकच वर्ष. तिचं काम भेटी वाटणं असणार नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं. तिला एक कुलूपबंद कपाट, हात धुवायची जागा, आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या बरोबर उभं राहायचा अधिकार द्यावा. दिवाळी झाल्यावर मार्गशीर्षात, पौषात, जेव्हा कुणी फिरकत नाही, तेव्हाही ती तिथे असेल. कुणी सुरुवात करायची ठरवलीच, तर अधिष्ठात्यांकडे अर्ज करण्याआधी वॉर्डच्या सिस्टरना आणि मावशींना जाऊन भेटा. कोणतं मूल रात्री रडतं आणि कोणती आई चार दिवस जेवलेली नाही, हे त्यांनाच माहीत असतं.